महापालिका जागा विकते तेव्हा: कागद कोणते मागावेत, हरकत कुठे घ्यावी

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा-सूचनांच्या गर्दीत एक चौकट असते. वर महापालिकेचे बोधचिन्ह, खाली बारीक टाइपात मजकूर: ‘मालमत्ता विभाग. स. नं. अमुक पैकी, क्षेत्र २,००० चौ. मी., जागा आहे तशा स्थितीत, भाडेपट्ट्याची मुदत ३० वर्षे, ई-निविदा मागवण्यात येत आहेत.’ ही चौकट छापून येईपर्यंत सभेचा ठराव झालेला असतो, दर ठरलेला असतो आणि फाइल चार टेबलांवरून फिरून आलेली असते. त्यामुळे चौकट दिसली की पुढे न धावता आधी मागे जावे लागते: जागा आली कुठून, तिच्यावर आरक्षण कोणते (म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात ती कोणत्या सार्वजनिक कामासाठी राखलेली आहे), दर कसा काढला.

यात दोन फायली असतात. एक मालमत्ता विभागाची (पिंपरी-चिंचवडमध्ये त्याला भूमी व जिंदगी विभाग म्हणतात) आणि दुसरी नगररचना विभागाची. पहिलीत जागा कोणाला, किती काळ, किती रुपयांना द्यायची ते असते. दुसरीत त्या जागेवर काय बांधता येईल ते असते, आणि किंमत त्यावरच ठरते. बहुतेक लोक पहिली फाइल मागतात आणि दुसरी विसरतात. गडबड मात्र दोन्हींच्या मधल्या फटीत होते.

कायदा कोणता लागू

मुंबई सोडून बाकी महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू. त्यातले कलम ७९ मालमत्तेच्या विल्हेवाटीचे. आयुक्त आपल्या सहीने पालिकेची जमीन विकू शकत नाहीत, महापालिकेची मंजुरी लागते, आणि मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी असता कामा नये, हे त्याचे सार. मुंबईला १८८८ चा अधिनियम लागतो, तिथे हेच काम कलम ९२ करते. नगरपरिषदांना १९६५ चा अधिनियम. योगायोगाने तिथेही कलम ९२ च, पण तिथे विक्रीला राज्य सरकारची परवानगी हवी. अर्जात नुसते ‘कलम ९२’ लिहून अधिनियमाचे नाव गाळले तर नगरपरिषदेचा कारकून मुंबईचे कलम समजून अर्ज परत पाठवू शकतो. नाव आणि वर्ष पूर्ण लिहा.

जमिनीच्या वापराचे सगळे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली येते. बोलताना सगळे त्याला एमआरटीपी म्हणतात. बांधकामाचे नियम मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतले, म्हणजे यूडीसीपीआरमधले. मुंबईत २०३४ च्या आराखड्याची वेगळी नियमावली आहे.

जागा पालिकेकडे आली कशी

कामाची खरी सुरुवात इथे, आणि सगळ्यात जास्त वेळही इथेच द्यावा. पालिकेच्या नावावर असलेली प्रत्येक जागा विकण्याजोगी नसते.

भूसंपादनातून आलेली जागा असेल तर निवाड्याची प्रत मागा. संपादन कशासाठी झाले ते त्यात लिहिलेले असते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतलेली जमीन कलम ९९ मुळे ठरल्या हेतूपासून सहज हलवता येत नाही. जुन्या, १८९४ च्या कायद्याखालच्या संपादनात न्यायालयांनी एका सार्वजनिक कामाऐवजी दुसऱ्या सार्वजनिक कामाला मुभा दिली आहे. पण तिथेही खासगी मॉलला ‘सार्वजनिक काम’ म्हणणे अवघड.

राज्य सरकारने दिलेली जागा असेल तर सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यांत अट सापडते. अटीची जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे देता येत नाही. ही परवानगी न घेताच निविदा काढल्या जातात, आणि मग पैसे भरून बसलेला निविदाधारक आणि पालिका दोघेही अडकतात.

आरक्षणाची जागा मूळ मालकाने टीडीआरच्या, म्हणजे दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम-हक्काच्या, बदल्यात दिली असेल, तर नागरिकांनी तिची किंमत एकदा मोजलेली आहे. त्या टीडीआरमधून शहरात दुसरीकडे जादा मजले चढले, गर्दी वाढली, तो त्या मैदानाचा मोबदला होता. अशी जागा विकायला निघाली तर टीडीआर प्रमाणपत्राचा क्रमांक हरकतीच्या पहिल्या ओळीत टाका.

चौथा प्रकार ले-आऊटमधल्या, म्हणजे मोठी जमीन प्लॉट पाडून विकसित करतात तिथल्या, मोकळ्या जागेचा. यूडीसीपीआरप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या ले-आऊटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती त्या ले-आऊटमधल्या रहिवाशांच्या वापराची. देखभालीसाठी पालिकेकडे असली तरी विकाऊ माल नव्हे. सुविधा क्षेत्र, म्हणजे अ‍ॅमेनिटी स्पेस, ही वेगळी गोष्ट. ते पालिकेच्या ताब्यात येते, आणि ‘तिथे नक्की कोणती सुविधा’ हे मोघम राहत असल्याने भाडेपट्ट्याची पहिली नजर त्यावरच जाते. दोन्हींची सरमिसळ प्रस्तावात सर्रास दिसते. मंजूर ले-आऊटचा नकाशा काढा, रंगवलेल्या तुकड्यावर ‘मोकळी जागा’ लिहिले आहे की ‘सुविधा क्षेत्र’, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

पाचवा प्रकार बक्षीसपत्राचा. गावातल्या कोणी आजोबांनी ‘दवाखान्यासाठी’ म्हणून दिलेली दहा गुंठे. बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे असते आणि अट त्याच्या शेवटच्या पानांत.

क्षेत्र आणि हद्द

निविदेतले क्षेत्र, सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावरचे क्षेत्र आणि मोजणीच्या ‘क’ प्रतीवरचे क्षेत्र, हे तिन्ही आकडे एका ओळीत लिहा. जुळले तर नवल समजा. भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयाने केलेल्या मोजणीची ‘क’ प्रत नसताना जागा विकायला काढली असेल, तर तेवढाच मुद्दा फेरनिविदेसाठी पुरेसा आहे. फरक दोनशे चौरस मीटरचा निघाला, तर आठ-दहा वर्षांनी भाडे कमी करून मागणारा पत्र घेऊन येतो.

‘जागा आहे तशा स्थितीत’ हे शब्द नीट वाचा. त्यांचा अर्थ असा की झोपड्या, शेजाऱ्याची सरकलेली भिंत, खालून गेलेली सांडपाण्याची वाहिनी, सगळे घेणाऱ्याच्या गळ्यात. प्रामाणिक बोलीदार त्या हिशेबाने दर पाडतो. ज्याला अतिक्रमण ‘आपोआप’ हटणार हे ठाऊक आहे, तो पाडत नाही. त्यामुळे पालिकेने आधी जागा मोकळी करून, कुंपण घालून मग विकायला काढणे तिच्याच फायद्याचे. पोहोच रस्ता किती मीटरचा तेही बघा, कारण बांधकामाची क्षमता रस्त्याच्या रुंदीवर चढते. आज ९ मीटर दाखवलेला रस्ता आराखड्यात १८ मीटरचा असेल, तर मूल्यांकन कोणत्या रुंदीवर केले हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आराखड्यातला रंग

नगररचना विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. नकाशावर साधारणपणे पिवळा म्हणजे निवासी, निळा वाणिज्य, जांभळा औद्योगिक, लाल सार्वजनिक-निमसार्वजनिक, हिरवा मोकळ्या जागा. आरक्षणाला क्रमांक असतो, तो टिपून ठेवा. पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या क्रमांकाने होतो.

आराखडा तयार होण्याचे टप्पे एमआरटीपी कायद्यात ठरलेले आहेत. कलम २३ खाली इरादा जाहीर होतो, कलम २५ खाली विद्यमान जमीन वापराचा नकाशा बनतो, कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि राजपत्रातल्या सूचनेपासून ३० दिवसांत हरकती-सूचना घेतल्या जातात. कलम २८ खालची नियोजन समिती सुनावणी घेते. मग आराखडा सरकारकडे, आणि कलम ३१ खाली मंजुरी. सरकारने मोठे बदल केले तर तेवढा भाग ‘ईपी’, म्हणजे वगळलेला भाग, म्हणून वेगळा काढून त्यावर पुन्हा हरकती मागवतात. आराखडा मंजूर झाला म्हणून लोक निवांत होतात. वादातल्या जागा नेमक्या ईपीच्या यादीत गेलेल्या असतात.

यातला विद्यमान वापराचा नकाशा सगळ्यात दुर्लक्षित. त्यात चालू मैदान ‘रिकामी जमीन’ म्हणून रंगले, की प्रारूपात तिथे काहीही दाखवता येते. मुंबईच्या २०३४ च्या आराखड्याचे पहिले प्रारूप २०१५ मध्ये आले ते चुकांनी इतके भरलेले होते, की राज्य सरकारने ते नव्याने करायला लावले.

मंजूर आराखड्यात मध्येच बदल करायचा तर कलम ३७. सूचना प्रसिद्ध होते, हरकतींना एक महिना मिळतो, सुनावणी होते, अंतिम मंजुरी सरकार देते. बदल किरकोळ हवा, आराखड्याचे मूळ स्वरूप पालटणारा नको.

आता ती फट. मानून चाला की २,००० चौ. मी. जागेवर मंडईचे आरक्षण आहे. शेजारच्या निवासी जमिनीचा वार्षिक मूल्य दर, म्हणजे रेडी रेकनर, चौरस मीटरला ४०,००० रुपये. पूर्ण दराने किंमत ८ कोटी. मूल्यांकनात ‘जागा आरक्षित आहे’ म्हणून निम्मी वजावट धरली आणि ४ कोटींना दिली. वर्षभराने कलम ३७ खाली आरक्षण बदलून वाणिज्य झाले. वरचे ४ कोटी, आणि वाणिज्य दराचा फरक वेगळा, सगळा घेणाऱ्याच्या खिशात. प्रत्येक सही नियमात बसते, तरी शहराचे निम्मे पैसे गेलेले असतात. वापरबदल करायचाच असेल तर तो विक्रीच्या आधी, जाहीरपणे, हरकती ऐकून व्हावा. आणि करायचा नसेल तर ‘पुढे वापरबदल झाल्यास वाढीव किमतीचा फरक पालिकेला’ ही अट करारात हवी. प्रस्तावात हे दोन्ही नसेल, तर बाकी कशावरही भांडण्याआधी यावर भांडा.

नियमातला एखादा शब्दही हेच काम करतो. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींसाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ होता. पुनर्विकास करताना जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी पालिकेला, तिसरा परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि तिसरा मालकाला, असे सूत्र. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि हे सूत्र गिरणीच्या संपूर्ण आवाराऐवजी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीला लागू झाले. गिरण्यांच्या आवारात तशी जमीन थोडीच, बाकी सगळ्या शेड. पालिकेचा वाटा आक्रसला. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, म्हणजे सरकारी मालकाने, आपल्या काही गिरण्या लिलावात विकल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च २००६ मध्ये न्यायालयाने दुरुस्ती ग्राह्य धरली. २००१ मध्ये हरकतीच्या मुदतीत ती ओळ किती जणांनी वाचली असेल?

दर तपासण्याची साधी रीत

पालिका मूल्यांकन अहवाल घेते. त्यात तीन गोष्टी बघा: अहवालाची तारीख, कोणत्या वर्षाचा रेडी रेकनर धरला, आणि शेजारच्या प्रत्यक्ष खरेदीखतांशी तुलना आहे का. रेडी रेकनर हा मुद्रांक शुल्कासाठी काढलेला किमान दर. बाजारभाव अनेकदा त्याच्या वर असतो, म्हणून ‘रेडी रेकनरप्रमाणे दिले’ हे कलम ७९ चे पूर्ण उत्तर होत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर टाकून सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, पाहता येते. अर्ध्या किलोमीटरच्या आतले, दोन वर्षांच्या आतले तीन-चार व्यवहार काढले की चौरस मीटरचा दर तुमच्या हातात.

भाडेपट्ट्यात आकडे फसवतात, म्हणून गणित मांडतो. त्याच ८ कोटींच्या जागेला वर्षाला १ लाख भाडे म्हणजे किमतीच्या ०.१२५ टक्के. सभेत ‘वर्षाला लाख रुपये उत्पन्न’ असे वाचले जाते तेव्हा कानाला बरे वाटते. ३ टक्के धरले तर वर्षाला २४ लाख. दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ ठेवली तर ३० वर्षांची बेरीज सुमारे ११ कोटी ४७ लाख. भाडेवाढ नसेल तर ७ कोटी २० लाख. पण ११ कोटी ४७ लाखांची आजची किंमत, ८ टक्के व्याज धरून, सुमारे ३ कोटी ६२ लाखच होते. ‘विकली असती तर आठ मिळाले असते, आता साडेअकरा मिळणार’ असे कोणी सांगितले तर हा आकडा पुढे करा. तरीही जागा ३० वर्षांनी परत येणार असेल तर भाडेपट्टा विक्रीपेक्षा चांगला, असे आमचे मत आहे. शहर वाढते, जमीन वाढत नाही.

मुदत मात्र ३० वर्षांच्या पलीकडे जाऊ लागली की सावध व्हा. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात २९ वर्षांहून जास्त मुदतीच्या पट्ट्याला जमिनीच्या बाजारमूल्याच्या ९० टक्क्यांवर शुल्क लागते. थोडक्यात, खुद्द सरकार त्याला जवळजवळ विक्रीच समजते. ९९ वर्षांचा पट्टा करून ‘आम्ही जागा विकलेली नाही’ म्हणणाऱ्याला हे ऐकवता येते.

निविदा आणि करारनामा

निविदा दोन लिफाफ्यांची असते, तांत्रिक आणि आर्थिक. तांत्रिकातल्या अटी वाचताना त्या कोणाच्या अंगाच्या मापाने शिवल्या आहेत ते दिसते. मंडईच्या गाळ्यांसाठी ‘मागील तीन वर्षांत अशा प्रकारचे ५० कोटींचे काम’ अशी अट आली की शहरातले नव्वद टक्के बोलीदार दारातच गळतात. एकच निविदा आली तर मुदतवाढ किंवा फेरनिविदा मागावी. दोन-तीन आल्या आणि राखीव किमतीच्या वर सगळ्या जेमतेम एक-दोन टक्के असतील, तर त्या संस्थांचे पत्ते आणि संचालक ताडून पाहा.

करारनाम्याचा मसुदा निविदेसोबतच प्रसिद्ध व्हायला हवा. त्यात बांधकाम किती वर्षांत, उपपट्टा चालेल का, गहाण ठेवता येईल का, हस्तांतरणात होणाऱ्या अनर्जित उत्पन्नाचा, म्हणजे नुसत्या जमिनीच्या भाववाढीतून झालेल्या नफ्याचा, किती वाटा पालिकेला, शर्तभंग झाला तर ताबा परत कसा, हे स्पष्ट लागते. ‘मुदत संपल्यावर नूतनीकरण करण्यात येईल’ आणि ‘करता येईल’ यांतला फरक कोट्यवधींचा आहे. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला काढायला १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात कलम ८१-ब आहे. पण करारात तारीख मोघम असेल तर तेही लंगडे पडते.

हरकत कधी आणि कुठे

कलम ७९ मध्ये नागरिकांच्या हरकती मागवण्याची पायरीच नाही. त्यामुळे विक्रीला अडवण्याची पहिली जागा म्हणजे सभा. विषयपत्र स्थायी समितीत आणि सर्वसाधारण सभेत येते तेव्हा ते नगरसचिव कार्यालयातून मिळवा आणि तीन-चार नगरसेवकांना एका पानाची टिपणी द्या. दहा पाने कोणी वाचत नाही. ‘ऐनवेळचा विषय’ (विषयपत्रिकेत नसताना सभेत आणलेला) आणि ‘उपसूचना’ (मूळ प्रस्तावात सुचवलेला बदल) या दोन शब्दांवर लक्ष ठेवा. मूळ प्रस्तावात ३० वर्षे असतात आणि सभागृहात न वाचलेल्या उपसूचनेने ती ६० होतात. म्हणून प्रस्ताव नको, ठरावाची प्रमाणित प्रत मागा. नगरसेवकांऐवजी सरकारने नेमलेला प्रशासक असेल तर सभेत अडवणारा कोणी नसतो. मग प्रशासकाच्या मंजुरीचा ठराव क्रमांक आणि दिनांक लगेच मिळवा.

दुसरी जागा कलम ३७ ची सूचना. इथे हरकतीचा आणि सुनावणीचा हक्क कायद्याने मिळतो, म्हणून ती लेखीच द्या आणि पोच घ्या. असे पुरते:

‘विषय: महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, कलम ३७ खालील दिनांक … ची सूचना. आरक्षण क्र. …, स. नं. …, क्षेत्र … चौ. मी.
१) सदर जागा दिनांक … च्या निवाड्याने खेळाच्या मैदानासाठी संपादित झाली आहे (प्रत जोडली आहे).
२) प्रभागाची लोकसंख्या … असून सध्या उपलब्ध मोकळी जागा … चौ. मी., म्हणजे दरडोई … चौ. मी. आहे.
३) बदली मैदान प्रस्तावात दाखवलेले नाही.
४) मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी.’

दुसऱ्या मुद्द्यासाठी केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेतला दरडोई १० ते १२ चौ. मी. मोकळ्या जागेचा निकष वापरा. ४० हजार वस्तीच्या प्रभागाला १० च्या हिशेबानेही ४० हेक्टर लागतात. प्रत्यक्षात दोन-तीन हेक्टर निघाले तरी हरकतीला वजन येते. एकाच मजकुराच्या पाचशे छापील हरकती एक हरकत म्हणून निकाली निघतात. वीस वेगवेगळ्या, पुराव्यासह, जास्त त्रास देतात. बाग किंवा मैदान खासगी उपयोगाला देण्याचा प्रश्न असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा बंगलोर मेडिकल ट्रस्ट प्रकरणातला निकाल जोडा. उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देणे तिथे रद्द झाले होते.

तिसरी वाट राज्य सरकारची: महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली बेकायदा ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करता येतो. नगरविकास विभागाला अर्ज करताना कोणत्या तरतुदीचा भंग झाला ते एका वाक्यात लिहा. शेवटी उच्च न्यायालय. तिथे पहिला प्रश्न असतो, ‘इतके दिवस कुठे होता?’ करार नोंदला गेला, खोदकाम सुरू झाले, की विलंबावरच याचिका पडते.

कागदांसाठी माहिती अधिकार. शुल्क १० रुपये, अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. पण हरकतीची मुदतही ३० दिवसांचीच, म्हणून उत्तराची वाट पाहत बसू नका. फाइल पाहण्याची मागणी करा. पहिल्या तासाला शुल्क नाही. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा २०१८ चा शासन निर्णयही आहे. अनेक कार्यालयांत तो फलकापुरताच असतो. त्याची प्रत खिशात असली की दार लवकर उघडते. फाइलमध्ये टिपणीची हिरवी पाने आधी वाचा. ‘आरक्षणाचा विचार करता जागा देणे उचित नाही’ असा कनिष्ठ नगररचनाकाराचा शेरा तिथेच सापडतो, आणि पुढच्या पानावर तो कोणी ओलांडला तेही.

जागा गेलीच, तर काम संपत नाही. नोंदवलेल्या पट्ट्याची सूची क्रमांक २ काढा आणि त्यातले क्षेत्र, मुदत आणि भाडे ठरावाशी ताडून पाहा. बांधकामाची मुदत ज्या तारखेला संपते, तिच्या दुसऱ्या दिवशी शर्तभंगाचा अर्ज तयार ठेवा, सोबत त्या दिवशीचे जागेचे फोटो.